सर, हे चार हजार कुठे मांडायचे?

दिवाळीच्या सुट्टीत अकरावी कॉमर्सच्या पोट्ट्यांना मी एकच होमवर्क दिला होता. घरच्या शेतीचा एका वर्षाचा जमाखर्च लिहून आणा, पुस्तकातलं गणित नको, आपल्या वावराचं पाहिजे. बहुतेकांनी आणला. एका पोराच्या वहीत गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज ८०,००० आणि समोर व्याज शून्य. बरोबरच होतं ते, तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं की शेतकऱ्याला व्याज लागत नाही, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं योजनाच आहे तशी. मी टिक करून वही परत देत होतो तर तो म्हणतो, "सर, एक इचारू का? बाबानं मार्च एन्डिंगले नवंजुनं केलं ना, तवा एका जवळून ऐंशी हजार आणले अन् महिन्यानं चौऱ्याऐंशी देल्ले. ते चार हजार कुठी मांडायचे?"

ज्यांना नवंजुनं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गावाकडच्यांनी हा पॅरा सोडून दिला तरी चालेल. मार्चमध्ये शेतकऱ्याजवळ पैसा नसतो, कापूस विकून उधाऱ्या फेडून तो कधीचाच मोकळा झालेला असतो. पण ३१ तारखेच्या आत सोसायटीचं भरलं नाही तर व्याजाची सवलतही जाते आणि पुढचं कर्जही अडकतं. मग तो गावातल्या कोणाकडून तरी महिना पाच रुपये शेकड्यानं पैसे आणतो, सोसायटीत भरतो, एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलतो आणि तेच त्या माणसाला नेऊन देतो. जुनं फिटलं, नवं चढलं, म्हणून नवंजुनं. वीस दिवस लागोत की पंचवीस, व्याज पूर्ण महिन्याचं. ऐंशी हजारावर चार हजार. म्हणजे बिनव्याजी कर्ज पाच टक्क्याला पडलं, आणि ते पाच टक्के ना सोसायटीच्या वहीत, ना बँकेच्या, ना सरकारच्या कोणत्या तक्त्यात. तिथे सगळीकडे वसुली झकास आणि व्याज शून्य.

आता मी एम.कॉम. माणूस, तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात पुस्तपालन शिकवता शिकवता केस पांढरे झाले, एंट्री मला येत नाही असं नाही, व्याज खाते नावे, रोख खाते जमा, संपलं. पण त्याच वर्गात पहिल्याच आठवड्यात मीच शिकवलेलं असतं की व्हाउचर नाही तर एंट्री नाही. आणि त्या चार हजाराची पावती जगात कोणीच देणार नाही. पोरगं माझ्याकडे पाहत होतं आणि मला आठवत होतं की माझ्या बापानंही वीस-पंचवीस वर्षं नवंजुनं केलं, मी बी.कॉम.ला असताना केलं, मी भागीदारीच्या विसर्जनाचे हिशोब सोडवत होतो आणि घरातला हा हिशोब मी एकदाही विचारला नाही. लाज वाटली खरं सांगू तर.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय ती मांडतो. आपल्या इकडे कॉमर्सच्या पोरांना आपण दुसऱ्याची वही लिहायला शिकवतो. ज्या वहीत त्यांच्या बापाचं, आईचं, गावाचं नाव मांडलेलं आहे ती वही वाचायला आणि तिच्यावर बोट ठेवायला शिकवत नाही. आणि पहिलं काम कितीही चांगलं शिकवलं तरी दुसरं आपोआप येत नाही.

पुस्तक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळं यायलाच पाहिजे, ज्याला तेरीज, म्हणजे नावे-जमेची बेरीज, जुळवता येत नाही तो कोणाची चूक काय काढणार. पण पुस्तकातला व्यापारी पहा कसा असतो. तो रोखीनं फर्निचर घेतो, बँकेत खातं उघडतो, मालाला आग लागली तर विमा कंपनी त्याचा दावा मान्य करते, एवढं सुखी माणूस मी तालुक्यात पाहिलेलं नाही. आणि त्या व्यापाऱ्यानं धंद्यातून घरासाठी पैसे काढले की त्याला म्हणतात उचल. आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना उचल म्हणजे वेगळंच माहीत असतं, बापानं पाडव्याला मालकाकडून घेतलेली, जी वर्षभर फिटत नाही. पुस्तकात उचल म्हणजे आपलाच पैसा आपण काढला, गावात उचल म्हणजे वर्षभराची मान अडकली. एकच शब्द. मी इतकी वर्षं पहिला अर्थ शिकवत आलो आणि दुसऱ्या अर्थाबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

यावर कोणी म्हणेल की अहो त्यासाठी आर्थिक साक्षरतेची शिबिरं असतात की. असतात. बँकेचा माणूस येतो, बॅनर लागतो, बायकांना चहा-बिस्किट मिळतं आणि सांगितलं जातं की खर्च लिहून ठेवा, बचत करा, लग्नात उधळपट्टी करू नका, हप्ता वेळेवर भरा. ऐकायला काहीच चुकीचं नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीत बसलेलं असतं की गरिबाला हिशोब येत नाही म्हणून तो गरीब आहे. मला हे पटत नाही. माझी आई शाळेत गेली नाही, पण कोणत्या बाईनं किती किलो कापूस वेचला, कोणाचे किती राहिले, किराणा दुकानात काय बाकी, हे तिच्या बोटांवर असायचं आणि दुकानदाराची वही तिनं दोनदा तरी खोटी पाडलेली मला आठवते. उलट ज्यांना हिशोब येतो म्हणून आपण मान देतो त्यांच्या वह्या पहा. २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली, तिच्या तपासणीचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, अहवाल २०१३ मध्ये आला, त्यांनी ९०,५७६ खाती तपासली आणि २२.३२ टक्के प्रकरणांत घोळ निघाला, पात्र असून वगळलेले, अपात्र असून मिळालेले, कागदांत खाडाखोड. ही सगळी खाती बँकांनी लिहिलेली होती, शेतकऱ्यांनी नाही. पण शिबिर कोणाचं घेतलं जातं? बचतगटाच्या बायकांचं.

हिशोबाची वही कोणाच्या हातात हा प्रश्न जुना आहे महाराष्ट्रात. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही की त्यांचा राग माणसांवर कमी आणि कागदावर जास्त होता. त्यांना कर्जखतं पाहिजे होती, कर्जाचे रोखे पाहिजे होते, वह्या पाहिजे होत्या आणि मिळाल्या तशा त्यांनी जाळल्या. वाचता न येणाऱ्या माणसानं स्वतःच्या नावाचं पान ओळखायचं कसं, मग सगळीच वही जाळा. इंग्रजांनी चौकशी बसवली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगरसाठी कायदा केला, त्यात शेतकऱ्याला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशोब लेखी मागण्याचा, पासबुक मागण्याचा हक्क दिला आणि कोर्टाला सांगितलं की नुसता रोखा पाहू नका, कर्ज मुळात कसं वाढलं ते पहा. आज २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे, त्यातही परवाना, पावती, हिशोबाचा उतारा, चक्रवाढीला बंदी, मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही, हे सगळं आहे. म्हणजे कागदावर हक्क मिळून दीडशे वर्षं होत आली. माझ्या वर्गात दरवर्षी विचारतो की सावकाराकडे पावती मागता येते हे कोणाला माहीत आहे, एखादा हात वर येतो, तोही अर्धा.

आपल्या विदर्भाचं सांगायचं तर गाडगेबाबा. शेंडगावचे, १८७६ चा जन्म, शाळा नाही शिकलेले. मामाची जमीन सावकाराच्या कागदात कशी गेली हे त्यांनी पोरवयात डोळ्यांनी पाहिलं. पुढे आयुष्यभर कीर्तनात कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा या दोन गोष्टी जोडून सांगत राहिले. आपण झाडू लक्षात ठेवला, पोरांना शिकवाही लक्षात ठेवलं, पण त्या दोन गोष्टी जोडलेल्या का होत्या हे विसरलो.

आता वही वाचायला म्हणजे नेमकं काय शिकवायचं, एक उदाहरण फळ्यावर केलेलं तसंच सांगतो. एका पोरीनं आईचं मायक्रोफायनान्सचं कार्ड आणलं. कर्ज ४०,०००, चोवीस महिने, हप्ता २,०६७. मी विचारलं व्याज किती, तर म्हणे, "शेकडा एक रुपया सर. तो दादा म्हणे बाई, गावातला पाच घेते, आम्ही एकच घेतो." वर्षाला बारा टक्के, कोणालाही स्वस्तच वाटेल. मग आम्ही मांडलं. चाळीस हजारावर महिना चारशे, चोवीस महिन्यांचे ९,६००, एकूण ४९,६००, भागिले चोवीस, २,०६७, जुळलं. मग मी विचारलं की एक वर्ष झाल्यावर तुझ्या आईकडे मुद्दल किती उरलं असेल? निम्मं. मग दुसऱ्या वर्षी व्याज कशावर? थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग मागच्या बाकावरून एकजण, "चाळीस हजारावरच घेऊन रायला की तो!" तिथून घटत्या शिलकीवर हिशोब केला, दोन तास गेले, पण निघालं की खरा दर साडेएकवीसच्या वर जातो. आणि मग पोरगी हळूच म्हणाली की हातात चाळीस नव्हते पडले, प्रोसेसिंग आणि विमा कापून ३८,९०० पडले. ते धरले तर साडेचोवीसच्या आसपास.

आणि आता खरी गंमत. कार्ड उलटून पाहिलं तर मागे बारीक अक्षरात, मराठीत, वार्षिक दर बरोबर छापलेला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कर्जदाराला समजेल अशा भाषेत सगळ्या खर्चासहित दर लिहून द्यावाच लागतो, आणि घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते बसता कामा नयेत हेही त्यातच आहे. म्हणजे कंपनीनं कागदावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. तोंडी एक सांगितलं आणि छापील दुसरं दिलं, आणि त्या दोघांच्या मधली जागा कोणाला मोजता येत नव्हती. कॉमर्स शिकणारी पोरगी घरात असून. म्हणून माहिती द्या, पारदर्शकता आणा एवढं म्हणून माझं समाधान होत नाही, माहिती तर कार्डाच्या पाठीवर होती.

बरं ही झाली दुसऱ्याची वही. पण हिशोबात काय धरायचं आणि काय नाही हेही कोणीतरी ठरवतं आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो, चोरीत कमी. दिवाळीच्या त्या होमवर्कमध्ये बियाण्याचं पाकीट होतं, खत, फवारणी, डवरणीचे, निंदणाचे, वेचाईचे किलोमागचे, चुंगडी, भाडं, सगळं होतं. एका वहीत तर बैलाच्या खुरांच्या पत्र्यांचे पैसे वेगळे लिहिलेले. एकाही वहीत आईची मजुरी नव्हती. मी म्हटलं आई वावरात जात नाही का? जाते ना सर, रोज जाते. मग कुठे आहे ती? "ते त घरचंच हाय." बैल घरचाच होता की, त्याचा चारा लिहिला होता.

हाच वाद दिल्लीत चालतो, फक्त तिथे त्याला इंग्रजी अक्षरं लावलेली असतात. हमीभाव काढताना प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-टू, त्यात घरच्यांची मजुरी धरली की ए-टू अधिक एफएल, आणि त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. सरकार दीडपट म्हणतं ते मधल्या आकड्याच्या दीडपट. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० धरला आणि भाव ७,७१० जाहीर केला, गुणाकार करून पहा, बरोबर दीडपट आहे. शेतकरी संघटना म्हणतात सी-टू धरा. कोण बरोबर ते बाजूला ठेवू, माझं मत सी-टूच्या बाजूनं आहे पण मी शेतकऱ्याचा पोरगा, माझं मत काय वेगळं असणार. वर्गात सांगायची गोष्ट ही आहे की खर्च नावाची वस्तू वावरात उगवत नाही. तो कोणीतरी ठरवतो. आणि गाळ्यात बसलेला व्यापारी दुकानाचं भाडं, स्वतःच्या भांडवलाचं व्याज सहज खर्चात धरतो, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की हे कशाला धरलं बाप्पा.

ठरवण्याचा आणखी एक नमुना, हा लिहिताना हात जड होतो. शेतकरी आत्महत्या झाली की सरकारकडून एक लाख मिळतात, तीस हजार लगेच आणि सत्तर हजार खात्यात ठेव, २००५ च्या डिसेंबरपासून हे चालू आहे. पण आधी समिती बसते, पात्र की अपात्र. जमीन घरच्यांच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानावाल्या सावकाराचं पाहिजे. आता जो मक्त्यानं दुसऱ्याचं वावर करत होता त्याचं सातबाऱ्यावर नाव कुठून येणार. ज्याचं कर्ज त्या चौऱ्याऐंशी हजारासारखं होतं त्याची पावती कुठून येणार. तो माणूस मेला तरी हिशोबात मेला नाही. २००८ च्या माफीतही हेच, दोन हेक्टरची रेष मारली, आमच्या कोरडवाहूत सात-आठ एकरवाला काही बागायतदार नसतो, पण रेषेच्या पलीकडे गेला म्हणून त्याला पूर्ण माफी नाही, बाकीचे ७५ टक्के आधी भर मग २५ टक्के सूट. अकाउंट्सच्या मास्तरला हे नाही दिसणार तर कोणाला दिसणार, सगळा खेळ वर्गीकरणाचाच आहे, आम्ही रोज पोरांना तेच तर शिकवतो, हे भांडवली की महसुली.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की वा मास्तर, पोरांना हिशोब शिकवला की न्याय झाला. नाही होत. उलट एक प्रकरण असं झालं की त्यानंतर मी दोन महिने गप्प बसलो होतो.

बारावीतल्या एका पोराचा बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणारा. पाडव्याला साल ठरलं १,१०,०००. उचल किती, वर्षभर किती नेले, खाडे म्हणजे गैरहजेरीचे दिवस किती, सगळं मालकाच्या डायरीत. पोरानं माझं ऐकून घरच्या कालनिर्णयवर रोजची खूण करायला सुरुवात केली, कामावर गेला की फुली, नाही गेला की गोल. फाल्गुनात मालकानं हिशोब केला तर खाडे ३४, तीनशे रुपये रोजानं १०,२०० कापले. कॅलेंडरवर गोल २३ च. अकरा दिवसांचा फरक, ३,३००. पोरगा कॅलेंडर घेऊन गेला. मालक काही राक्षस नव्हता, सांगून टाकतो, त्यानं डायरी काढली आणि दोघांनी तारखा ताडून पाहिल्या. अकरापैकी आठ दिवस मालकाच्या घरी लग्न होतं तेव्हाचे. सालदार सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच, मांडव घातला, पाणी भरलं, पत्रावळी उचलल्या. पण वावरात गेला नाही ना, म्हणून खाडा. बाकी तीन दिवस पावसाचे.

मालकानं ३,३०० काढून दिले. आणि पाडव्याला सांगितलं, "औंदा दुसरीकडे पाहा भाऊ."

ते पोरगं मला काही बोललं नाही. त्याचा बाप बसस्टँडवर भेटला, मीच मान खाली घातली, तर तोच म्हणाला, "सर, पोट्टं खरं बोललं, त्यात काय." पण सहा महिने तो माणूस रोजानं हिंडला हे मला माहीत आहे. हिशोब मागणं फुकट नसतं, आणि त्याची किंमत शिकवणारा देत नाही, हे मी तेव्हा शिकलो. एकट्या पोराला कॅलेंडर देऊन मालकाच्या ओसरीवर पाठवणं हा शहाणपणा नव्हता. गावातले वीस सालदार मिळून खाडा म्हणजे काय हे पाडव्याच्या आधी ठरवते, लग्नाचं काम धरायचं की नाही, पावसाचं काय, तर गोष्ट वेगळी झाली असती. आता मी वर्गात ते प्रकरण नाव न घेता सांगतो आणि पहिला प्रश्न हाच टाकतो, की त्यानं एकट्यानं जायला पाहिजे होतं का. पोरं भांडतात यावर, मजा येते म्हणवत नाही, पण भांडतात.

एकत्र मागण्याची उदाहरणं आहेत आपल्या देशात आणि त्यांची सुरुवात कोण्या सीएनं केलेली नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केली, पहिली पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात. करायचे काय तर सरकारी कामाचे हजेरीपट आणि बिलं मिळवायची आणि गावासमोर मोठ्यानं वाचायची. बस. वाचणारा एक पुरे, तपासणारं अख्खं गाव, कारण त्या दिवशी तो मेलेला होता, हा तर गावातच नव्हता, ही भिंत कुठे आहे दाखवा, हे सांगायला साक्षर असावं लागत नाही. हमारा पैसा हमारा हिसाब ही घोषणा तिथली, आणि माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे ती सगळी खटपट आहे. हजेरीपटाशी तर आपलं नातं जुनं, ७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेली माणसं अजून प्रत्येक गावात आहेत, मस्टर म्हटलं की त्यांचे डोळे वेगळे होतात. आणि इकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा), ज्यांनी आमच्या गावात आम्हीच सरकार म्हटलं. २००९ मध्ये त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला. बांबू विकायचा म्हणजे बँक खातं आलं, रोकडवही आली, मजुरी किती आणि गावाच्या फंडात किती हे सगळ्यांसमोर ठरवणं आलं. नुसती घोषणा देऊन ते निभलं नसतं.

आमचे काही सहकारी म्हणतात, सर, तुम्ही पोरांना आंदोलक बनवता, त्यांना नोकरी पाहिजे, टॅली शिकवा, जीएसटी शिकवा. मी शिकवतो टॅली. पोराला यवतमाळला किंवा नागपूरला एखाद्या दुकानात बारा हजाराची नोकरी लागली तर मला आनंदच होतो, पेढे खातो मी. पण तो तिथे कोणाची तरी वही लिहील, आणि कधीतरी त्याला सांगितलं जाईल की हे असं लिही. तेव्हा त्या नोंदीच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस आहे, त्याच्या बापासारखा, हे त्याला माहीत असावं एवढीच अपेक्षा. आणि सिलॅबस आडवा येतो हेही पूर्ण खरं नाही. बारावीला ऐंशी मार्कांचा पेपर आणि वीस मार्कांचं प्रोजेक्ट-तोंडी असतं. त्या विसात आम्ही बहुतेक ठिकाणी काय करतो तर मागच्या वर्षीची फाईल यावर्षी नव्या कव्हरमध्ये. त्याऐवजी बचतगटाची खतावणी तपासा, आईच्या कर्जाचं कार्ड उलगडा, सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल वाचा, ग्रामपंचायतीची रोकडवही पहा. नफा न कमावणाऱ्या संस्थांचे हिशोब हा धडा आहेच की पुस्तकात, त्यात दरवेळी शहरातला क्रीडा क्लब कशाला पाहिजे.

रोकडवही म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना पाच. तेहतीस नमुने असतात, लोकांना आठ नंबर तेवढा माहीत, घराचा कर असतो म्हणून. आमच्या काही पोरांनी आधी फोनवर ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर आपापलं गाव काढून पाहिलं, वित्त आयोगाचे किती आले, कशावर गेले. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे होते हे त्यांना तिथे कळलं. एका गावाला नालीचं काम दोन नावांनी दिसलं, आता ते दोन टप्पेही असू शकतात, मी आरोप करत नाही, पोरांनाही करू दिला नाही, फक्त म्हटलं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विचारा. एकटं नाही, पाच-सहा जणं मिळून, आणि घरच्या बायका सोबत घेऊन.

गेले. मीही मागे उभा होतो, त्या गावचा नसून. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं पण तोंडात ग्रामसेवकच बसलंय, आधी म्हणाले पुढच्या सभेत पाहू, मग म्हणाले अर्ज करा. त्यातल्या एका पोरीनं दहा रुपयांचं तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज काढला. मग सरपंचच कंटाळून म्हणाले वाचून टाका ना एकदाचं. कपाटातून नमुना पाच आला आणि वाचायला लागले, तारीख, कोणाला, कशाबद्दल, किती. सुरुवातीला कोणाचं लक्ष नव्हतं, मागे गप्पा चालू होत्या. नाली सफाई मजुरी असं आलं तेव्हा एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "कोणाले देल्ली? नाव वाच."

नाव वाचलं.

"तो त दोन सालापासून पुण्याले हाय."

गलका झाला. नंतर कळलं की त्या नावाची गावात दोन माणसं आहेत, काका-पुतणे, त्यामुळे तिथे घोळ होता की नव्हता हे मला अजून ठाऊक नाही. नालीच्या दोन कामांचं तर त्या दिवशी निघालंच नाही, वेळ गेला. पण १ मेच्या सभेत रोकडवही पहिल्या पानापासून वाचायची आणि मजुरीच्या नावापुढे बापाचं नाव लिहायचं असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलंय. ते त्या म्हातारीनं लिहायला लावलं, आणि अंगठा उमटवायच्या आधी पोरीकडून दोनदा वाचून घेतलं.